तात्या, तुम्ही मार खाल्लात तो पाण्यासाठी

वालूरच्या चक्राकार बारवेत पायऱ्या गोल गोल फिरत तळाकडे जातात. बुजत आलेली ही बारव गावानं श्रमदान करून मोकळी केली, तेव्हा कुठे परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्याबाहेरच्या लोकांना वालूर हे नाव कळलं. तिच्या काठावर उभं राहिलं की मला हटकून सदाशिव अमरापूरकर आठवतात. हिंदी सिनेमातला खलनायक बारवेपाशी कसा आठवतो, असं कुणी विचारेल. विचारू दे.

तात्या, तुम्ही नगरचे. पाण्याचा हिशेब अंगात मुरलेल्या मुलखातले. ‘हँड्स अप’ नाटकातलं तुमचं काम दिग्दर्शक गोविंद निहलानींच्या नजरेत भरलं आणि 1983 च्या ‘अर्धसत्य’मध्ये रामा शेट्टी अवतरला. ओम पुरींचा वेलणकर आतल्या आत धुमसतोय आणि तुम्ही समोर निवांत. आवाज चढवायची तुम्हाला गरजच पडली नाही. ‘सडक’मधली महाराणी आली आणि खलनायकासाठीचा पहिलावहिला फिल्मफेअर पुरस्कार तुमच्या हाती आला. पुढे मात्र त्या इंडस्ट्रीनं तुम्हाला तेच ते हसू, तेच ते डोळे वटारणं पुन्हा पुन्हा करायला लावलं. एवढा मोठा नट तिनं किरकोळीत खर्च केला, हे माझं मत आहे आणि ते बदलणार नाही.

कारण तुमच्याकडे दुसरंही पुष्कळ होतं. ‘22 जून 1897’मध्ये तुम्ही टिळक झालात आणि दूरदर्शनवरच्या ‘भारत एक खोज’मध्ये जोतीराव फुले. ती दोन माणसं एकाच अंगात मावतात, यावर एरवी महाराष्ट्राचा विश्वास बसला नसता! ‘दोघी’ आणि ‘वास्तुपुरुष’ पाहिलेल्यांना तर रामा शेट्टी सांगावाच लागत नाही. शूटिंग नसेल तेव्हा तुम्ही अंधश्रद्धा निर्मूलनाच्या, सामाजिक कृतज्ञता निधीच्या, नगरच्या ‘स्नेहालय’च्या कामात असायचा.

मग 2013 साल उजाडलं. मराठवाड्यात विहिरींनी तळ गाठलेला, शेजारच्या जालन्यात मोसंबीच्या बागा उभ्या वाळलेल्या, जनावरं छावणीत आणि माणसं टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली. त्याच होळीला मुंबईत तुमच्या घराजवळ रेनडान्ससाठी पाण्याचे फवारे उडत होते. तुम्ही गेलात आणि म्हणालात, दुष्काळ आहे, हे थांबवा. तुम्हाला मारहाण झाली. पडद्यावर शेवटच्या रिळात नायकाचा मार खाणं हा तुमचा धंदाच होता, त्याचे पैसे मिळायचे. हा मार मात्र आमच्या वाटणीचा होता, तात्या. साठी उलटलेल्या माणसानं तो आमच्या घागरींसाठी खाल्ला. वर्तमानपत्रात दोन दिवस बातमी चालली, एवढंच.

त्याच मे महिन्यात ‘बॉम्बे टॉकीज’ आला. त्यात नवाजुद्दीनच्या हरलेल्या नटाला कानपिचक्या देणारा त्याचा मेलेला गुरू तुम्ही होता. दुसऱ्या वर्षी, 3 नोव्हेंबर 2014 ला, फुप्फुसाच्या आजारानं तुम्ही गेलात. महाराणीच्या आठवणी निघाल्या, रामा शेट्टीच्या निघाल्या. त्या होळीची आठवण फारशी कुणी काढली नाही.

तुमच्या पश्चात दीड वर्षानं, एप्रिल 2016 मध्ये, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं.