आधी वरची पायरी बघा

पनवेलहून माझ्या आतेभावाने, दादाने, गेल्या आठवड्यात तीन माहितीपत्रकं पाठवली. जिन्यावर बसवायच्या विजेच्या खुर्चीची. तिन्हींवर पांढऱ्या केसांचं हसरं जोडपं, गालिचा घातलेला रुंद जिना आणि तेच शब्द: सुरक्षित, आरामदायी, विश्वासार्ह. सोबत दादाचा निरोप, "तुमच्याकडे या सर्रास असतात ना? आईसाठी यातली कुठली घेऊ, सांग." तिन्ही पत्रकं मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचली आणि वैतागले. गादीच्या कापडाचे रंग होते, रिमोट किती मिळतील ते होतं, हप्त्यांची सोय होती. वर पोचल्यावर म्हातारं माणूस खुर्चीतून उठून पाय नेमका कुठे टेकवणार, हे एकातही नव्हतं. फोनवर सांगायला बसले तर रात्र पुरायची नाही, म्हणून इथेच लिहिते.

आमच्या लीड्समध्ये या खुर्च्या दिसतात खऱ्या, आणि त्याला कारण इथली घरं आहेत. पाठीला पाठ लावून बांधलेल्या चाळवजा घरांच्या रांगा, दोन भिंतींमध्ये कोंबलेला अरुंद जिना, झोपायची खोली आणि न्हाणीघर वर. आजही इंग्लंडच्या बांधकाम नियमांत घरातल्या जिन्याची पायरी २२० मिलिमीटरपर्यंत उंच चालते आणि चढ ४२ अंशांपर्यंत. आपल्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत राहत्या घराची पायरी १९० मिलिमीटरच्या वर नको असं म्हटलंय. अशा जिन्यांच्या देशात हा धंदा फोफावला नसता तरच नवल. स्टॅना हे घराणं १८६७ पासून लिफ्ट आणि याऱ्यांच्या व्यवसायात. त्यांनी १९७५ मध्ये जिन्याची खुर्ची बाजारात आणली. एकॉर्न ही कंपनी १९९२ सालची, आमच्याच वेस्ट यॉर्कशरमधल्या स्टीटन गावची. मूळ कल्पना मात्र अमेरिकेतली. पेनसिल्वेनियातल्या सी. सी. क्रिस्पेन यांनी १९२० च्या दशकात आजारी मित्राला माडीवरून खाली येता यावं म्हणून रुळावर चालणारी खुर्ची तयार केली.

शेजारच्या आजींची खुर्ची मी रोज बघते. आयुष्यभर शिवणकामाच्या कारखान्यात उभं राहून त्यांचे गुडघे गेले. खुर्चीच्या उजव्या हातावर एक छोटी कळ आहे. ती दाबून धरली तर खुर्ची चालते, बोट उचललं की जागच्या जागी थांबते. त्या कळीवरचा बाण अंगठ्याने पार पुसून गेलाय. युरोपीय मानकाप्रमाणे वेग सेकंदाला १५ सेंटीमीटरच्या वर जाता कामा नये, त्यामुळे चार मीटरचा रूळ चढायला जवळजवळ अर्धा मिनिट लागतो. वर पोचल्यावर आजी उठत नाहीत. बैठकीखालचा दांडा ओढतात, बैठक जिन्याकडे पाठ करून माडीच्या जमिनीकडे वळते आणि खट् असा आवाज येतो. तो आवाज कानावर पडल्याशिवाय त्या पट्टा सोडत नाहीत. मग दोन्ही पाय सपाट जमिनीवर ठेवायचे, हातांवर जोर द्यायचा आणि उठायचं. त्या वेळी पाठीमागे जिन्याचा खड्डा असतो, पण मध्ये खुर्ची आडवी असते.

माझ्या मते सगळी सुरक्षितता त्या एका खट् मध्ये आहे. चढताना पट्टा असतो, वेग मर्यादित असतो, मोटरीला ब्रेक असतो. धोका आहे तो वरच्या पायरीपाशी टाकायच्या दोन पावलांत. स्वस्त खुर्ची वर जाऊन तशीच तिरकी उभी राहते आणि माणसाला पायरीच्या काठावर अंग वळवून उठावं लागतं. ज्याला अंग वळवता येत नाही म्हणून खुर्ची आणली, त्यालाच हे करायला लावायचं.

मला दर वेळी आठवते ती लेण्याद्रीची डोली. माझ्या आजीला आम्ही गिरिजात्मजाच्या दर्शनाला नेलं तेव्हा त्या तीनेकशे पायऱ्या तिला चढवणार कोण, म्हणून खाली डोली केली. दांड्यांना बांधलेली खुर्ची आणि पुढेमागे भोई. त्यांनी आधी आजीकडे नीट बघून वजनाचा अंदाज घेतला, पदर आणि पाय आत घ्यायला सांगितले आणि मगच उचललं. चढावर पुढचे भोई दांडा खाली धरतात, मागचे खांद्यावर घेतात, म्हणजे बसणाऱ्याची बैठक सपाट राहते. यंत्राच्या खुर्चीतही नेमकी हीच अक्कल वापरलीय. चढ बदलणाऱ्या वळणाच्या रुळावर बैठक सपाट ठेवायला वेगळी यंत्रणा बसवावी लागते. दम घ्यायला भोई थांबतात तेव्हा आजीही मागे वळून डोंगर बघून घ्यायची. सगळ्यात महत्त्वाचं, वर पोचल्यावर त्यांनी डोली पायरीवर टेकवली नाही. चार पावलं आत, मोकळ्या जागेत नेली, जमिनीवर ठेवली आणि एकाने आजीला हात दिला. शिकवायला कुणी गेलं नव्हतं. रोज म्हाताऱ्या माणसांची ने-आण करणाऱ्याला शेवटची पायरी किती वाईट असते ते कळतं. मला वाटतं, खुर्ची विकणाऱ्या प्रत्येकाला एकदा लेण्याद्रीला पाठवावं आणि दिवसभर त्या भोयांशेजारी उभं करावं. रोपवे, लिफ्ट, सरकते जिने सगळं चांगलं आहे, हवंच आहे. पण समोरच्या माणसाचा गुडघा बघून खुर्ची ठरवायची ही रीत डोलीवाल्यांची, आणि ती अजून कुणी सुधारलेली नाही.

इथे लीड्समध्ये ती रीत थोडीफार आहे, हे मान्य करायला हवं. कौन्सिलकडून ऑक्युपेशनल थेरपिस्ट घरी येते, आणि शेजारच्या आजींना तिने पहिला प्रश्न विचारला होता की तुम्ही वर कशाकशाला जाता. मापं त्यानंतर घेतली. इंग्लंडमध्ये घरातल्या अशा बदलांसाठी मिळकत बघून ३०,००० पौंडांपर्यंत अनुदान मिळू शकतं. त्यासाठी थांबावं मात्र लागतं. पनवेलमध्ये सगळा भार दादाच्या खिशावर.

आणि तिथे पहिला सल्ला सगळ्यांचा एकच, "आत्याचा पलंग खाली आणा." हा सल्ला देणाऱ्यांपैकी कुणी आत्याला विचारलेलं नाही. वर तिचं देवघर आहे, गच्ची आहे, पापड-कुरडया आहेत, आणि जिन्याच्या मधल्या खिडकीतून समोरच्या वहिनींशी बोलणं आहे. खाली दुकान आणि रस्ता. तिला खाली आणलं तर तिच्या वाट्याला एका खोलीचं घर उरेल. जिन्याची खुर्ची श्रीमंतीचा थाट नाही. आपल्याच घरात सगळीकडे जाता येणं ही साधी गरज आहे, आणि त्यासाठी खर्च करणाऱ्या दादाचं मला फार कौतुक वाटतं.

पण त्याचा जिना माहितीपत्रकातला नाही. ज्या गावची नगरपालिका १८५२ मध्ये स्थापन झाली, तिथल्या जुन्या आळीतलं हे घर. पूर्वी लाकडी जिना होता आणि धरायला वरून जाड दोरी लोंबायची. नंतर आतोबांनी विटांचा जिना बांधून वर कडप्पा बसवला. दादा, आता नीट वाच. रूळ भिंतीला लागत नाही, पायऱ्यांना ठोकतात. कडप्प्याचा पुढे आलेला काठ खालून अधांतरी असतो. तिथे ड्रिल मारलं तर फरशी तडकते. बोल्ट मागच्या बाजूला, खालच्या पक्क्या विटकामात गेला पाहिजे. मोजायला येणारा माणूस फरशी वाजवून बघत नसेल तर त्याला चहा पाजून परत पाठव.

जिन्याची रुंदी सगळ्यात अरुंद जागी मोज. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आत्याला साध्या खुर्चीवर बसवून मागच्या टेकण्यापासून गुडघ्यापर्यंतचं माप घे. या खुर्चीत माणूस आडवं बसतं; अरुंद जिन्यात गुडघे समोरच्या भिंतीला घासतात. आत्याचा डावा गुडघा पुरता दुमडत नाही, तेव्हा हे माप रुंदीपेक्षा मोलाचं. ज्यांना गुडघे अजिबात वाकवता येत नाहीत त्यांच्यासाठी अर्धवट उभ्याने टेकायची उंच बैठकही मिळते, पण तिला तोल चांगला लागतो. आत्यासाठी नको.

तुमच्या जिन्याच्या प्रत्येक पायरीवर काहीतरी असतं. चपला, रद्दी, कांद्यांची टोपली. पायठेवणीच्या कडेला दाबपट्टी असते. तिला चप्पल लागली की खुर्ची थांबते आणि ती चप्पल उचलेपर्यंत फक्त उलट दिशेने जाते. चांगल्या खुर्चीने असंच वागायला हवं. दाखवायला आणतील तेव्हा मुद्दाम चप्पल ठेवून बघ. किल्लीने बंद करता येते का तेही बघ, नाहीतर तुझी पोरं दिवसभर वरखाली करतील.

वीज गेली तर काय, हे तू दोनदा विचारलंस. खुर्ची थेट विजेवर चालत नाही. बहुतेकांत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात आणि रुळाच्या दोन्ही टोकांना चार्जिंगची जागा. वीज गेल्यावरही बऱ्याच फेऱ्या होतात, म्हणजे पनवेलच्या पावसाळ्यात ही खुर्ची घरगुती लिफ्टपेक्षा सोयीची. मात्र ती टोकापर्यंत नेऊनच सोडायची. मध्येच खिडकीपाशी उभी राहिली तर बहुतेक खुर्च्या चार्ज होत नाहीत. आत्याला खिडकीत थांबून गप्पा मारू दे, पण मग वर जाऊ दे. या शिसे-आम्लाच्या बॅटऱ्यांचं आयुष्य उकाड्यात लवकर सरतं. इथल्या थंडीत टिकतात तेवढ्या तिथे टिकणार नाहीत. त्या बदलायचा खर्च आजच कागदावर लिहून घे.

कुणी या खुर्चीच्या वाटेला जाऊ नये, तेही सांगते. व्हीलचेअरवरून उठून बसता येत नसेल तर ही उपयोगाची नाही. तिथे लिफ्टच हवी. विसरभोळेपणा वाढून पट्टा लावायचं भान राहत नसेल तर माणूस सोबत असल्याशिवाय नको. आणि नवीन पनवेलच्या चार मजली, लिफ्ट नसलेल्या इमारतींतून जे मला यासाठी फोन करतात त्यांना वाईट वाटेल, पण सोसायटीचा जिना सगळ्यांचा असतो. दुमडलेली खुर्चीसुद्धा वाट अडवते, आणि आग लागली तर त्याच वाटेने सगळ्यांना उतरायचं असतं. तिथे पैसे जमवून बाहेरून लिफ्ट बांधायच्या मागे लागावं, परवानगी आणि तपासणीसकट.

राहिली विश्वासार्हता. शेजारच्या आजींची खुर्ची एका हिवाळ्यात मधल्या पायरीवर बंद पडली. कारण क्षुल्लक होतं: गालिच्याचे तंतू अडकून ती चार्जिंगच्या जागेच्या बोटभर अलीकडेच थांबत होती आणि बॅटऱ्या हळूहळू रिकाम्या झाल्या. आजींना आम्ही दोघांनी धरून उतरवलं. दुसऱ्या दिवशी जवळच्याच गावातून मेकॅनिक आला, अर्ध्या तासात काम झालं. यंत्र तिथेही बंद पडतं, इथेही पडतं. मेकॅनिक किती लांबून येतो यावर सगळं अवलंबून. "पार्ट मागवलाय" हे वाक्य ऐकत आत्या तीन महिने खाली अडकली तर उत्तम मोटरीचं काय करायचं?

म्हणून दादा, तिघांपैकी ज्याचा माणूस पनवेल, खारघर किंवा फार तर ठाण्याहून येतो त्याची घे, सरळ रुळाची, हाताने वळणाऱ्या पण पक्क्या अडकणाऱ्या बैठकीची. ज्या घरात त्यांनी पाच वर्षांपूर्वी खुर्ची बसवली त्या घरी आत्याला घेऊन जा, तिलाच बसू दे आणि वर पोचल्यावर तिलाच एकटीने उठू दे. तोवर सुताराला बोलावून जिन्याच्या दुसऱ्या बाजूलाही कठडा लावून टाक. खुर्ची आली की एका बाजूचा काढावा लागेल, चालेल. आणि वरच्या पायरीसमोर ते धान्याचं पिंप आहे ना, ते आजच हलव.