बोट लागली!

मराठी शिकविणाऱ्या माणसाने 'लागणे' या क्रियापदाला जरा भिऊनच असावे. भूक लागते, ठेच लागते, वेड लागते, दृष्ट लागते. आणि या सर्वांच्या पंगतीला बसून बोटही लागते. बोट धक्क्याला लागली म्हणजे उतारू सुटकेचा निःश्वास टाकतात. आणि बोट उतारूला लागली म्हणजे तो बापडा कठड्याला लागतो! हे उदाहरण मी वर्गात गेली कित्येक वर्षे देत आलो आहे. इंग्रजीतला 'नॉशिया' हा शब्द ग्रीकांच्या जहाजावरून आला आणि ते ग्रीक जहाज म्हणजे आपल्या संस्कृत 'नौ'चे सख्खे भावंड, हेही सांगतो. मुले माना डोलावतात. मात्र भाऊच्या धक्क्यावरून रेवसला येईपर्यंत माझे स्वतःचे काय होते, हे मी वर्गात कधीही सांगितलेले नाही.

गेल्या नाताळच्या सुटीत कन्येने हट्ट धरला की मालवणला जाऊन समुद्राच्या तळाशी उतरायचे. रोह्याला गाडीत बसलो, कुडाळला उतरलो आणि मालवण गाठले. सकाळी आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याचे सांबार समोर आले. समुद्रात उतरणाऱ्याने पोट हलके ठेवावे, हे मला कोणी सांगितले नव्हते असे नाही. पण काळ्या वाटाण्यापुढे उपदेश टिकत नाही.

होडीत बसण्यापूर्वी एक छापील कागद भरायचा होता. दमा आहे का? हृदयविकार आहे का? प्रवासात गाडी किंवा बोट लागते का? कन्या खांद्यावरून वाचत होती. मी ठळक अक्षरात 'नाही' लिहिले. आयुष्यभर विद्यार्थ्यांना 'शब्द जपून वापरा' म्हणून सांगणाऱ्या गृहस्थाने एवढा दोन अक्षरी शब्द इतक्या बेजबाबदारपणे वापरला!

होडी सिंधुदुर्गाच्या जवळ नांगरली. महाराजांनी १६६४ साली बांधायला घेतलेला तो किल्ला जागचा हलत नव्हता आणि आमची होडी जागची राहत नव्हती. बोट लागण्याचे कारण मोठे गमतीचे आहे. कानाच्या आत, तोल सांभाळणाऱ्या इवल्याशा नळ्यांत पाणी असते. ते सांगते, 'आपण हलतो आहोत.' समोरची फळी पाहणारा डोळा सांगतो, 'छे, सगळे स्थिर आहे.' या दोन साक्षीदारांच्या भांडणात शिक्षा होते ती पोटाला. म्हणून दूर क्षितिजाकडे पाहावे. तेथे डोळ्याची आणि कानाची साक्ष जुळते. मी आपला पायाशी पडलेल्या दोरीकडे पाहत होतो.

आम्हाला उतरविणारा मालवणी पोरगा विशीतला असेल. त्याने खुणा शिकविल्या : बोटांचे वर्तुळ म्हणजे ठीक, अंगठा वर म्हणजे वर चला. मग तोंडात धरायचा रेग्युलेटर हाती दिला आणि म्हणाला, "सर, उलटी इली तर ह्यातच करायची. ह्या तोंडातून काढायचा नाय." मी मोठ्याने हसलो. माझ्या मनात दुसरेच चालले होते. हा रेग्युलेटर काल कोणाच्या तोंडात होता? आमच्या घरी पाण्याचे भांडेसुद्धा ओठाला लावलेले आजीला खपत नसे. धुतलेला असणार, हे कळत होते. पण उष्ट्याची शिसारी कळण्यावर थोडीच अवलंबून असते!

पाण्याखाली गेल्यावर होडीचे डोलणे संपले आणि मला वाटले, जिंकली! पण पाणी उथळ असले की वरच्या लाटेची ओढ खालीही पोचते. तळाचे शेवाळ एकदा किल्ल्याकडे झुके, एकदा उलट. त्याच्याबरोबर मासे, आणि माशांबरोबर मी. तोंडात खारट पाणी गेले. तोंडाला पाणी सुटले. आणि आंबोळी परत निघाली.

त्या क्षणी माझा हात कोठे गेला? सरळ रेग्युलेटरकडे. तो काढण्यासाठी! भीतीने म्हणाल, तर नाही. सभ्यपणाने. दुसऱ्याच्या वस्तूत ओकू नये, चारचौघांकडे पाठ करावी, तोंडापुढे काही असेल तर बाजूला करावे. चाळीस वर्षांच्या चांगल्या वळणाने तो हात उचलला होता.

हे चांगले वळण तेथे जीव घेते. उलटीच्या उमाळ्यानंतर माणूस आपण होऊन खोल श्वास ओढतो. तो त्याच्या हातचा नसतो. त्या वेळी तोंडात रेग्युलेटर असला तर हवा येते. नसला तर समुद्र येतो. घाबरून श्वास कोंडून वर धाव घ्यावी, तर तेही घातक. दहा मीटर खाली दाब दुप्पट असतो. तेथे छातीत भरलेली हवा वर येता येता दुप्पट फुगते आणि फुप्फुस फाडू शकते. सतराव्या शतकात बॉईलने मांडलेला हा नियम कोणाची वयोमर्यादा किंवा पदवी पाहत नाही.

पोराने माझा हात धरला नाही. त्याने आपला पंजा माझ्या तोंडावर ठेवून रेग्युलेटर जागच्या जागी दाबून धरला. मी ओकलो. त्याच्या झडपेतून बरेचसे बाहेर गेले; उरलेले त्याने पुढचे बटण दाबून हवेच्या झोताने उडविले. हवा आली. पुन्हा उमाळा, पुन्हा बटण, पुन्हा हवा. ती कोंडली असती तर त्याच्या अंगावर दुसरा रेग्युलेटर होताच. डोळे उघडले तेव्हा चट्ट्यापट्ट्यांच्या माशांचा थवा माझ्या न्याहारीवर तुटून पडला होता. त्यांना उष्ट्याचे काहीच वाटत नव्हते. त्याने अंगठा वर केला. आम्ही सावकाश, श्वास घेत सोडत, वर आलो.

होडीत मी पुनःपुन्हा क्षमा मागू लागलो. तो रेग्युलेटर विसळीत म्हणाला, "असा होता, सर. दर्याक कसली लाज?"

कन्या काही बोलली नाही. तिने पर्समधून आवळासुपारी काढून माझ्या हातावर ठेवली. ती सहा वर्षांची असताना रोह्याहून पेणला जाताना भिसे खिंडीत तिला एस. टी. लागली होती. शेजाऱ्याच्या धोतरावर शिंतोडे उडाले. मी ओशाळून तिच्यावरच खेकसलो होतो, "आधी सांगता येत नाही?" आणि तोंड खिडकीकडे फिरविले होते. तिची पाठ धरली होती ती त्या धोतरवाल्या म्हाताऱ्याने.

ती हे विसरली असेल, असे मी समजत होतो. परतीच्या गाडीत चिपळूण मागे पडले तेव्हा ती खिडकीबाहेर पाहत हळूच म्हणाली,

"बाबा, आधी सांगता येत नाही?"

ती हसत होती. मला उत्तर सुचले नाही. सहा वर्षांच्या पोरीलाही सुचले नव्हते.