झोळीचा दोर

कसून बांधलेली वस्तू भक्कम आणि सैल बांधलेली कच्ची, असा माणसाचा सर्वसाधारण समज असतो. गाडीवर कडबा लादायचा असो की पेटी बांधायची असो, दोर करकचून आवळला म्हणजे मन निर्धास्त होते. पुष्कळ ठिकाणी हा समज खराही ठरतो. झोळीच्या बाबतीत मात्र तो साफ फसतो. आणि झोळीत निजणारा जीव काही कडब्याची पेंढी नसल्यामुळे ही फसगत महागात पडू शकते.

वऱ्हाडात दिवाळीच्या सुमारास कापूस फुटू लागतो. अमरावती आणि अकोला या दोन्ही जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीचे सपाट पट्टे दूरवर पसरलेले आहेत. त्यांत पऱ्हाटी पांढरीशुभ्र होऊन उभी राहिली, की गावोगावच्या बाया वेचणीला निघतात. दव वाळेपर्यंत वेचणीला हात लावायचा नसतो, कारण ओला कापूस साठवला तर खराब होतो. उन्हे वर आली, की कमरेला ओटी बांधून एकेक बाई एकेका ओळीला लागते. मजुरी बहुधा वजनावर मिळते. त्यामुळे हात थांबवणे परवडत नाही. जिचे मूल अंगावर पिणारे असते, तिला ते घरी ठेवूनही येता येत नाही. ते तिच्याबरोबर शेतात येते आणि धुऱ्यावरच्या बाभळीला किंवा कडुनिंबाला टांगलेल्या झोळीत निजते.

धुऊन धुऊन मऊ झालेले एक जुने लुगडे आणि अंबाडीचा एक दोर, एवढाच या झोळीचा संसार! पण दोन झाडांच्या मध्ये ती टांगायची म्हटली, की तिचे शास्त्र सुरू होते. पहिलटकरीण आई आपले बाळ खाली टेकू नये म्हणून दोर जिवाच्या आकांताने ताणते. तो जितका आडवा, जितका सरळ, तितका तिला सुरक्षित वाटतो. मग शेजारी उभी असलेली सासू हसून म्हणते, “अवं, दोर इतका तानू नोको. झाडं काय पयून चालली?”

सासूबाईंनी गणिताचे पुस्तक उघडलेले नसेल. पण त्यांचे म्हणणे गणिताला धरून आहे. झोळीतील बाळ ८ किलो वजनाचे आहे असे समजा. दोन्हीकडचे दोर आडव्या रेषेपासून ३० अंश खाली उतरत असतील, तर प्रत्येक दोरावर बरोबर ८ किलोंचा ताण येतो. हेच दोर ताणून १० अंशांवर आणले, तर तो ताण सुमारे २३ किलो होतो आणि ५ अंशांवर आणले तर जवळजवळ ४६ किलो! बाळ तेच, वजन तेच. तरी दोराला सहापट ओझे वाहावे लागते. असे का व्हावे? बाळाचे वजन सरळ खाली ओढते, आणि त्याला तोलून धरण्यासाठी दोराने वर ओढले पाहिजे. दोर जवळजवळ आडवा असेल, तर त्याचा बहुतेक सगळा जोर दोन झाडांना एकमेकांकडे खेचण्यातच खर्ची पडतो. वरच्या दिशेला त्याचा फारच थोडा अंश लागू होतो. तो अंश पुरा पडावा म्हणून दोराला मग भलतेच ताणले जावे लागते. अशा वेळी जुना दोर तुटतो, नाहीतर बारीक फांदी पिचते.

३० अंशांचा हा उतार मोजायला कोनमापक लागत नाही. झाडापासून झोळीकडे येताना दोन हात दोर गेला, की तो एक हात खाली आलेला असावा, एवढे पाहिले म्हणजे झाले.

तरीही दोर एकदा बांधून विसरता येत नाही. अंबाडीचा धागा ओलावा पिऊन फुगतो आणि दोर आखूड होतो. म्हणून सकाळी दमट असलेला दोर दुपारच्या उन्हात सुकला, की पुन्हा लांबतो. नवा दोर तर ओझ्यानेही ताणतो. सकाळी जमिनीपासून हातभर उंच असलेली झोळी दुपारी ढेकळांना टेकू पाहते. शिवाय सावलीही सरकते! शहाणी आई म्हणूनच शेवटची गाठ सहज सुटणारी, पण आपोआप न सुटणारी अशी घालते. दोर आणि साल यांच्यामध्ये ती एखादी चिंधीही सरकवते. त्यामुळे दोर घासत नाही आणि झाडालाही काच लागत नाही.

दोराइतकीच काळजी कापडाची घ्यावी लागते. लुगड्याची दोन्ही टोके नुसती मुठीत धरावी तशी आवळून बांधली, तर झोळी खोल पिशवीसारखी होते. तिच्यात तान्ह्या बाळाची पाठ वाकते, हनुवटी छातीला टेकते आणि त्याचा श्वास कोंडू शकतो. हा धोका डोळ्यांना चटकन दिसत नाही, कारण बाहेरून मूल शांत निजलेलेच भासते. यावर उपाय साधा आहे. डोक्याकडे आणि पायांकडे एकेक आडवी काठी घालून कापड रुंद ठेवले, की बाळाची पाठ पुष्कळशी सपाट राहते.

रानात मुक्काम करणारे लोक हल्ली याच युक्तीची मोठी झोळी वापरतात. तिला पुलाची झोळी म्हणतात, आणि ते नाव अगदी चपखल आहे. ऋषिकेशजवळ गंगेवर १९३० साली खुला झालेला लक्ष्मणझुला पाहा. त्याचे लोखंडी दोर दोन टोकांच्या मध्ये मुद्दाम झोक देऊन सोडलेले आहेत, आणि चालण्याची वाट त्यांच्या आधाराने टांगलेली आहे. पुलाच्या झोळीतही दोन्ही कडा दोरासारख्या झोक घेतात आणि मधले कापड वाटेसारखे पसरते. नरनाळ्याच्या पायथ्याशी किंवा चिखलदऱ्याच्या पठारावर शिबिराला गेलेल्या मुलांनी अशी झोळी बांधली, तर सासूबाईंचाच नियम त्यांनाही पाळावा लागेल. कारण ४० किलोंच्या मुलाचा ५ अंशांवरच्या दोराला सव्वादोनशे किलोंहून अधिक ताण बसतो. काठीच्या दोन टोकांपासून निघून एका गाठीत मिळणारे दोरही फार आखूड नसावेत. ते आखूड असले, तर काठी दोन्ही बाजूंनी दाबली जाऊन वाकते. आणि निजणारा पायांकडे घसरू लागला, तर पायांकडची बाजू किंचित उचलून बांधावी.

टांगून निजण्याची ही कल्पना फार जुनी आहे. १४९२ साली कोलंबस बहामा बेटांवर उतरला, तेव्हा तेथील लोक जाळीच्या झोळ्यांत निजत असलेले त्याला आढळले. पुढे युरोपातील खलाशांनी ती आपल्या जहाजांवर नेली. जहाज कितीही डोलले तरी झोळी आपला तोल सांभाळते, हे त्यांना फार सोयीचे वाटले.

शेतातल्या झोळीपाशी मात्र पुष्कळदा आणखी एक जीव बसलेला असतो. आठ-नऊ वर्षांची मोठी बहीण झोका देते, माश्या वारते, बाळाच्या तोंडावर आलेला पदर बाजूला करते. झोळी कितीही नीट बांधली, तरी तान्ह्या बाळाला एकटे सोडता येत नाही, हे खरेच. पण वेचणीच्या दिवसांत तिची शाळा बुडते. गावात तान्ही मुले सांभाळण्याची सोय असती, तर ती या वेळी वर्गात बसली असती. बाळ निजले, की ती काडीने मातीत अक्षरे काढते, आणि ते हलले, की काडी टाकून पुन्हा दोर धरते.

सायंकाळी कापसाचे वजन होते. आई मुलाला कडेवर घेते, बहीण गाठ सोडते. लुगडे झटकून त्याची घडी होते, काठ्या आणि दोर एकत्र गुंडाळले जातात. बाभळीच्या सालीवर चिंधी तेवढी उद्याकरिता तशीच राहते.