मेजावरचे एडिंबरो

स्कॉटलंडच्या राजधानीत एकच दिवस हाताशी असला, तर नजरबंदीचे खेळ किती पाहावेत? माझे उत्तर : एकच. किल्ल्याच्या वाटेवरचा ‘कॅमेरा ऑब्स्क्युरा’चा मनोरा गाठावा आणि आधी थेट माथा गाठावा.

मधल्या मजल्यांवर आरशांचा चक्रव्यूह आहे, गरगरणारा बोगदा आहे. मुले तिथून हलत नाहीत. माथ्यावर मात्र नुसती अंधारी खोली. छपरावरचा आरसा आणि भिंगे एवढ्याच भांडवलावर पांढऱ्या मेजावर जिते शहर उतरते. कागदाचा कपटा धरावा, की रस्त्यावरचा वाटसरू अलगद त्यावर चढतो! १८५३ मध्ये इथे सुरू झालेल्या या खेळाला ऊन तेवढे हवे; आभाळ भरून आले की चित्र फिकटते.

१८९२ मध्ये हा मनोरा पॅट्रिक गेडिस यांनी घेतला. पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवणारे ते हेच. पाहुण्यांना ते आधी माथ्यावर नेत. मग एकेक मजला उतरत शहर, स्कॉटलंड, युरोप आणि शेवटी जग दाखवीत. आधी आपले गाव डोळे भरून पाहा, हा त्यांचा धडा.

खाली उतरल्यावर, आता आपणही कुणाच्या कपट्यावर चढलो असू, या शंकेने मी उगाच ताठ चालू लागलो.