चार दाते कमी

सायकलीच्या बाबतीत उपदेश करण्याचा अधिकार पुणेकराला जन्मतःच मिळालेला असतो. त्यामुळे माझ्या सायकलीची पुढची दातेरी चाके काढून त्यांच्या जागी लहान चाके बसवायची, असे मी जाहीर करताच सल्ल्यांचा पाऊस पडला. कॉलेजातल्या एका स्नेह्यांनी विजेवरची सायकल घ्यायला सांगितले. घरातून "अहो, आता गड पुरे झाला" अशी सूचना आली. सायकल दुरुस्त करणारा कारागीर तर माझ्याकडे पाहतच राहिला. "सर, लोक मोठी चाकं मागतात, स्पीडसाठी," तो म्हणाला. "लहान कुणी मागत नाही."

कारण होते माझा उजवा गुडघा. सिंहगडाच्या घाटात त्याने कुरकुर सुरू केली होती. डॉक्टर म्हणाले, "सायकल सोडू नका; पण जोर लावून रेटू नका." सल्ला मोठा गोड, पण गोळेवाडी मागे पडून चढ लागला की जोर न लावता वर जायचे कसे, हे काही त्यांनी सांगितले नाही.

आणि गड सोडणे मला परवडणारे नव्हते. दर रविवारी पहाटे मी आणि माझी मुलगी तिथे जातो. ती बारावीत आहे. घरात आमचे बोलणे म्हणजे "जेवलीस का?" आणि "दिवा मालव आता" एवढेच. जे काही खरे बोलणे व्हायचे ते त्या वाटेवर. अलीकडे तेही आटत चालले होते. धापा टाकणाऱ्या बापाला कोण काय सांगणार?

तेव्हा मी हिशेबाला बसलो. माझ्या सायकलीला पुढे ४८, ३६ आणि २६ दात्यांची तीन चाके. मागचे सर्वांत मोठे चाक ३२ दात्यांचे. २६ आणि ३२ची जोडी जुळवली की पायडलाच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे १.७ मीटर पुढे जाते. पुढे २२ दाते घेतले तर तोच फेरा सुमारे १.४५ मीटरचा. प्रत्येक फेऱ्याला वीतभर वाट कमी, तेवढाच गुडघ्याला दिलासा. स्क्रूंची भोके जुळतात हे पाहून ४४, ३२, २२ असा संच आणला.

चाके बदलणे हे फारसे अवघड काम नाही. खरी मौज त्यांच्या वरच्या पिंजऱ्यात आहे. चेन एका चाकावरून दुसऱ्यावर ढकलणाऱ्या ह्या पिंजऱ्याला डिरेलर म्हणतात. शब्द फ्रेंच, अर्थ, रुळावरून उतरवणारा. आगगाडी रुळावरून उतरली तर चौकशी बसते. ह्या गृहस्थाला मात्र त्यासाठीच नेमलेले! आपल्याकडच्या परिभाषा घडवणाऱ्यांच्या हाती हा शब्द लागू नये, एवढीच माझी प्रार्थना आहे.

चेनची प्रत्येक कडी अर्ध्या इंचाची. चार दाते कमी झाले म्हणजे चाकाचा घेर दोन इंचांनी आक्रसला आणि त्रिज्या सुमारे ८ मिलिमीटरनी. पिंजरा जुन्या जागीच ठेवला तर तो तेवढा अधांतरी राहतो आणि चेन नीट चढत नाही. म्हणून आधी तार सोडायची, मग सीटखालच्या नळीवरचा पट्टा ढिला करून पिंजरा उतरवायचा. किती? तो मोठ्या चाकावर आणला असता बाहेरची पट्टी दात्यांच्या वर १ ते ३ मिलिमीटर राहील इतका. पट्टी चाकाला समांतरही हवी. कारागिराने तीनदा पट्टा आवळला आणि तीनदा सोडला, कारण आवळताना पिंजरा केसभर फिरायचा. पिंजऱ्याचे शेपूट मागच्या चाकाकडे जाणाऱ्या दांडीला टेकत नाही ना, हेही त्याने बोट घालून पाहिले.

मग दोन लहान स्क्रू. एक आतली हद्द ठरवतो, दुसरा बाहेरची. आतली सैल राहिली तर चेन चाक सोडून खाली नळीवर पडते. बाहेरची सैल राहिली तर क्रँकच्या दांड्यावर. त्यानंतर तार ओढून आवळली. चेन पुढच्या चाकाला निम्माच विळखा घालते, म्हणून तिच्या दोनच कड्या काढल्या. पिंजऱ्याची कमान मात्र ४८ दात्यांच्या चाकासाठी घडलेली. ४४वर ती मागच्या बाजूला थोडी पोकळच राहते. "चालेल, सर," कारागीर म्हणाला, "जरा दमानं बदला, म्हणजे झालं."

हे सारे चालू असता मला आंरी देग्रांज आठवत होते. टूर द फ्रान्स शर्यतीचे हे जनक. त्यांच्या मते गिअर बदलणे हे पंचेचाळिशी उलटलेल्यांचे काम. त्यांच्या शर्यतीत डिरेलरला मुभा मिळाली ती १९३७ साली. मी सेहेचाळीस वर्षांचा. तेव्हा त्यांचीही हरकत नसावी.

पुढच्या रविवारी घाटाच्या पहिल्या वळणापाशी मी बोट दाबले. चेन न घासता २२ दात्यांवर उतरली. मिनिटाला साठ फेरे म्हणजे ताशी जेमतेम सव्वापाच किलोमीटर. झपझप चालणारा मनुष्य सहज बरोबरीने आला असता. मुलगी नेहमीप्रमाणे पुढे गेली, वळून पाहिले, आणि थांबली.

"बाबा, आज बोलता येतंय का तुम्हाला?"

"येतंय की."

ती काही वेळ माझ्या शेजारून चालवत राहिली. मग म्हणाली, "मला इंजिनिअरिंगला जायचं नाहीये."

"मग कुठं जायचंय?" मी विचारले. पुरते वाक्य, एका दमात.

"सांगते," ती म्हणाली, आणि तिनेही गिअर उतरवला.