चोर म्हणा, चीटर नको

ऑनलाइन खेळातल्या चोर-दरोडेखोरांची भांडणं सोडवणं हा माझा वीकेंडचा उद्योग आहे, असं सांगितलं की ऑफिसातली मंडळी हसतात. 'चोरांना कसले आलेत नियम?' असा एकंदर सूर असतो. पण प्रश्न वाटतो तेवढा फालतू नाहीये.

आधी थोडी पार्श्वभूमी. 'जीटीए फाइव्ह' हा खेळ २०१३ साली आला, पीसीवर २०१५ मध्ये. 'फाइव्ह-एम' नावाच्या सॉफ्टवेअरमुळे त्याचा स्वतःचा सर्व्हर चालवता येतो. (हे सॉफ्टवेअर बनवणारी टीम २०२३ मध्ये रॉकस्टार कंपनीतच सामील झाली.) रोलप्लेच्या सर्व्हरवर कुणी पोलीस होतो, कुणी डॉक्टर, कुणी टॅक्सी चालवतो आणि बरेचजण... चोर होतात! आपापलं पात्र माइकवर बोलून निभवायचं, बस्स.

इथे पात्राने खोटं बोलणं, दरोडा घालणं, मित्राला दगा देणं, सगळं चालतं. खेळाडूने खेळालाच दगा दिलेला मात्र चालत नाही. काही कारण नसताना कुणाला मारलं तर ते 'आरडीएम'. दुसऱ्याचं लाइव्ह स्ट्रीम बघून त्याची लपायची जागा शोधली तर 'मेटागेमिंग'. कपाळाला पिस्तूल लावलेलं असताना हीरोगिरी केली तर 'फिअर आरपी' मोडला. आणि पकडले जाताना खेळच बंद करून पळालात तर 'कॉम्बॅट लॉगिंग'. आमच्याकडे सगळ्यात जास्त भांडणं या शेवटच्या नियमावरून.

गेल्या पावसाळ्यातली केस सांगतो. दरोडा पडला, तासभर पाठलाग झाला, पोलिसांनी गाडी अडवली आणि बेड्या पडणार तेवढ्यात चोर गायब! पोलीस झालेली चारही मुलं पुण्या-मुंबईची, सगळ्यांकडे रेकॉर्डिंग. तक्रार एकदम चोख, मागणी बॅनची. दुसऱ्या बाजूला एकटा मुलगा, वालूरचा. वालूर म्हणजे परभणी जिल्ह्यात, सेलू तालुक्यातलं गाव, गोल फिरत खाली उतरणाऱ्या पायऱ्यांच्या बारवेसाठी ओळखलं जाणारं. दोन तासांनी त्याचा खुलासा आला, एका ओळीचा: "लाईट गेलती दादा."

आता आपण इंजिनियर लोक काय करणार? लॉग उघडणार. खेळाडू स्वतःहून बाहेर पडला तर लॉगमध्ये तसं लिहून येतं. लाईट गेली तर सर्व्हर थोडा वेळ वाट बघतो आणि मग 'टाइम्ड आउट' लिहितो. अडचण अशी की कुणी मुद्दाम नेटची केबल उपटली तरी अगदी हेच लिहिलं जातं. थोडक्यात काय, लॉगला खरा आणि लबाड यातला फरक कळत नाही.

मग पुरावा कुणी द्यायचा? आमचा नियम म्हणायचा, ज्याचा दावा त्याने क्लिप द्यावी. २०२१ मध्ये एक्सक्यूसी हा प्रसिद्ध स्ट्रीमर 'नोपिक्सेल' सर्व्हरवरून एकाहून जास्त वेळा बॅन झाला, पण त्याचा खेळ हजारो लोक लाइव्ह बघत असायचे. वाद घालायला निदान व्हिडिओ तरी होता. वालूरच्या या मुलाचा जुना पीसी खेळच कसाबसा ओढतो, त्यावर रेकॉर्डिंग कुठून चालणार? आणि लाईट गेल्याची क्लिप काढायची तरी कशी, सांगा! लाईट गेली की रेकॉर्डिंगही गेलंच की.

आमच्यात बरीच वादावादी झाली. पोलिसांची बाजूही खोटी नव्हती. तासभर मेहनत आणि हाती काहीच नाही. "याला सोडलं तर उद्या सगळ्यांचीच लाईट जाईल," एकजण म्हणाला. तेही पटण्यासारखं होतं. शेवटी मी त्या मुलालाच विचारलं, बाबा रे, तुझं म्हणणं काय? तो म्हणाला, "माल जप्त करा, जेलात टाका. चोर म्हणा दादा, चालतंय. चीटर म्हणू नका."

पळपुटा माणूस असं बोलत नाही, असं मला वाटलं. पण मॉडरेटरला 'वाटलं' यावर निकाल देता येत नाही. उद्या दुसऱ्याला दुसरंच वाटेल. म्हणून नियमच बदलला. टाइमआउट झालेल्याने परत येऊन कळवायचं आणि अर्धवट राहिलेला प्रसंग पूर्ण करायचा. त्यासाठी आधी पंधरा मिनिटं मिळायची, आता चोवीस तास. अटक होणारच होती, तर ती धरायची आणि माल पोलिसांना द्यायचा. एकाच खेळाडूचे टाइमआउट नेमके अटकेच्याच वेळी वारंवार दिसले तर मात्र बॅन. त्या मुलाचं पात्र गुपचूप जेलात जाऊन बसलं, पोलिसांना माल मिळाला.

लबाड लोक याचाही फायदा घेतील, असं काहीजण अजून म्हणतात. पण केबल उपटूनही जेल चुकत नसेल, तर उपटणार कशाला?

राहता राहिला माझा मुद्दा. असे नियम बहुतेक वेळा घरात इन्व्हर्टर असलेले लोक लिहितात. मीही त्यातलाच. नियम लिहिताना एवढं ध्यानात ठेवलं तरी पुष्कळ झालं.

असो. दोन तक्रारी पेंडिंग आहेत, त्यातली एक पुन्हा लाईटचीच...