कम्युनिटी कॉलेजला नाही म्हटलं तेव्हा, आणि हो म्हटलं तेव्हाही

माझ्या दोन्ही मुलांना कॉम्प्युटर सायन्स करायचं होतं. मुलीला कम्युनिटी कॉलेजातून जायचं होतं, तिला मी जाऊ दिलं नाही. मुलाला थेट जागा मिळाली होती, ती मी सोडायला लावली. दोन्ही वेळा घरात मतं वेगळी होती आणि दोन्ही वेळा माझंच चाललं. आज दोघंही मार्गाला लागली आहेत. पण त्यांच्या वाट्याला जी ओढाताण आली ती माझ्या निर्णयांमुळे आली, आणि ते मला न लपवता लिहायचं आहे. आमच्या ओळखीच्या घरांत आजही हा प्रश्न मी विचारला तसाच विचारला जातो: कुठलं कॉलेज?

कॅलिफोर्नियाची व्यवस्था आधी सांगायला हवी. 1960 साली इथल्या सरकारने उच्च शिक्षणाचा एक आराखडा केला. त्यात वरच्या पायरीवर युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, म्हणजे युसी. मग कॅल स्टेट. आणि सगळ्यांना खुली अशी कम्युनिटी कॉलेजं. आज ती 116 आहेत. तिथे प्रवेशासाठी मार्कांची अट नाही. फी सेमिस्टरच्या एका युनिटला 46 डॉलर. युसीत राहण्या-जेवणासकट वर्षाला 35-40 हजार सहज लागतात. कम्युनिटी कॉलेजात पहिली दोन वर्षं करायची आणि तिसऱ्या वर्षाला युसीत किंवा कॅल स्टेटमध्ये जायचं, ही चोरवाट नाही, त्या आराखड्यातच आखलेला रस्ता आहे. दर दोन नव्या विद्यार्थ्यांमागे एक ट्रान्सफरवाला घ्यायचा, असं युसीचं धोरण आहे. पदवी सगळ्यांना एकच मिळते.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. शिवाय आमच्या घरात याचं जिवंत उदाहरण होतं. माझ्या नवऱ्याने दहावीनंतर नगरला डिप्लोमा केला आणि मग थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनीअरिंगला गेला. पैसे नव्हते, लवकर कमवायचं होतं, म्हणून तो रस्ता. आमचं लग्न ठरताना माझ्या एका मामांनी विचारलं होतं, "म्हणजे मुलगा डिप्लोमावाला का?" तो प्रश्न मला तेव्हा अजिबात आवडला नव्हता. आणि वीसेक वर्षांनी माझ्या मुलीने कम्युनिटी कॉलेजचं नाव काढलं तेव्हा माझ्या मनात नेमका तोच प्रश्न उभा राहिला.

2017 चा मार्च. तिने सगळीकडे कॉम्प्युटर सायन्ससाठी अर्ज केले होते आणि तो विषय तिला कुठेच मिळाला नाही. एका युसी कॅम्पसवर "अनडिक्लेअर्ड" म्हणून जागा मिळाली, म्हणजे विषय नंतर ठरवायचा. तिची मैत्रीण कम्युनिटी कॉलेजात चालली होती. मुलगी म्हणाली, मीही तिच्याबरोबर जाते, दोन वर्षांनी थेट कॉम्प्युटर सायन्ससाठीच अर्ज करते. नवरा लगेच तयार झाला. मी म्हटलं, हातातली युसी कोण सोडतं? आत तर शिर, विषय काय, नंतर बदलता येईल.

गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमात लोक विचारतील तेव्हा काय सांगायचं, हा विचार माझ्या डोक्यात होता. तो मी तेव्हा कोणापाशी बोलले नाही. मुलीला मात्र तो बरोबर कळला होता, हे तिने मला फार नंतर सांगितलं.

नंतर विषय बदलता येईल हे वाक्य तेव्हा सगळेच म्हणायचे, आणि ते पूर्ण खोटं नव्हतं म्हणूनच धोक्याचं होतं. युसीच्या बर्कली कॅम्पसवर लेटर्स अँड सायन्स कॉलेजमध्ये त्या काळी सुरुवातीचे तीन कोर्स करून त्यांत 3.3 चा जीपीए राखला की कॉम्प्युटर सायन्स घेता यायचं. इतर कॅम्पसवर अटी वेगळ्या होत्या, पण रचना थोडीफार तशीच: मोजके कोर्स आणि एक आकडा. त्या वर्गांत शाळेपासून प्रोग्रामिंग करत आलेली मुलं बसतात. माझ्या मुलीने पहिली ओळ कोडची तिथे लिहिली. तिची पहिली मिडटर्म बिघडली, आणि त्यानंतर तिचं अख्खं वर्ष ती एक मिडटर्म भरून काढण्यात गेलं. झोप नाही, घरी फोन नाही. आकडा थोडक्यात हुकला. स्टॅटिस्टिक्स घेऊन ती पदवीधर झाली.

एकदा ती म्हणाली, "आई, मी त्या वर्षी शिकत नव्हते गं. मी फक्त कटऑफ सांभाळत होते." हे वाक्य माझ्या मनातून गेलेलं नाही. जी मुलगी सावकाश, पक्कं शिकते तिला मी अशा ठिकाणी घातलं जिथे पहिल्या दहा आठवड्यांतच वर्गवारी होते. कम्युनिटी कॉलेजात तिला तेच कोर्स लहान वर्गात, बऱ्याच कमी ताणात करता आले असते. बर्कलीनेही ती जुनी पद्धत पुढे बंद केली. 2023 पासून येणाऱ्या मुलांना तिथे प्रवेशाच्या वेळीच त्या विषयासाठी निवडतात. इतर ठिकाणीही हे दार अरुंद झालं आहे. आज कोणी "आधी आत शिरू, मग बदलू" म्हणालं की मी त्यांना थांबवते.

मुलाच्या वेळी, 2021 मध्ये, मी नेमकं उलट केलं. त्याला एका कॅल स्टेटमध्ये कॉम्प्युटर सायन्सचीच जागा मिळाली होती. चांगला विभाग, घरापासून जवळ, खर्च झेपणारा. पण युसी नव्हती. ताईच्या अनुभवावरून मी धडा काढला होता की कम्युनिटी कॉलेज हाच बरोबर रस्ता, आणि तो मी या मुलाला सरसकट लावला. दोन वर्षं इथे, मग युसी, आणि पैसेही वाचतील. मुलगा म्हणत होता की मला जागा आवडली आहे. मी त्याला बोलू दिलं, पण ऐकलं नाही.

आणि रस्ता एकदा ठरवल्यावर तरी तो नीट वाचावा, तेही केलं नाही. मे महिन्यात एपी कॅल्क्युलसची, म्हणजे शाळेतच देता येणारी कॉलेजच्या पातळीची, परीक्षा होती. कॉलेजात पुन्हा करायचंच आहे, मग परीक्षा कशाला, असं मीच त्याला म्हटलं. ती दिली असती आणि बरा स्कोअर आला असता तर त्याला कॅल्क्युलसचा पहिला भाग सोडून पुढे जाता आलं असतं. जूनमध्ये नाशिकला भाचीचं लग्न होतं. आम्ही सगळे गेलो आणि उन्हाळाभर राहिलो. कम्युनिटी कॉलेजात प्रवेश सगळ्यांना असतो, वर्गात जागा सगळ्यांना नसते. ओरिएंटेशन करून, एज्युकेशन प्लॅन भरून बसलेल्यांना नोंदणीची तारीख आधी मिळते. आम्ही परत आलो तेव्हा कॅल्क्युलसचे सगळे वर्ग भरलेले आणि वेटलिस्टही लांबलचक. पहिल्या सत्रात त्याने इंग्लिश, इतिहास आणि पब्लिक स्पीकिंग घेतलं. मी म्हटलं, बरं झालं, जनरल एज्युकेशन, म्हणजे विषयाबाहेरचे सक्तीचे कोर्स, आधी उरकतील.

इथे माझं सगळ्यात मोठं चुकलं. कॉम्प्युटर सायन्सचं गणित हे एकामागून एक असतं. आमचं कॉलेज क्वार्टर पद्धतीचं, तिथे कॅल्क्युलसचे चार भाग पडतात, आणि एक झाल्याशिवाय पुढचा घेता येत नाही. त्यानंतर लिनिअर अल्जिब्रा. फिजिक्सचा पहिला भाग कॅल्क्युलस येत असल्याशिवाय मिळत नाही. प्रोग्रामिंगची साखळी वेगळी, तिच्या टोकाला डेटा स्ट्रक्चर्स. इतिहास कधीही घेता येतो. कॅल्क्युलसचा पहिला भाग एका सत्राने लांबला की शेवटची कडीही लांबते, आणि तो कोर्स त्या सत्रात नसला तर आणखी एका सत्राने. युसीला विषयाची सगळी तयारी ट्रान्सफरच्या आधीच्या स्प्रिंगपर्यंत पूर्ण हवी असते. दोन वर्षांत क्वार्टर सहाच. त्यातला पहिला मी लग्नात घालवला होता.

दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला आम्ही पहिल्यांदा असिस्टची पानं छापून जेवणाच्या टेबलावर पसरली. असिस्ट ही राज्याची अधिकृत साइट आहे. कुठल्या कम्युनिटी कॉलेजचा कुठला कोर्स कुठल्या युनिव्हर्सिटीत कशाच्या जागी चालतो ते तिथे मिळतं. डावीकडे युनिव्हर्सिटीचा कोर्स, उजवीकडे आपल्या कॉलेजचा, मध्ये बाण. मुलगा पेन्सिलने झालेल्या कोर्सांवर खूण करत होता. एका कॅम्पसच्या पानावर फिजिक्सच्या रांगाच्या रांगा, दुसऱ्यावर फिजिक्स नाहीच. एकीकडे डिस्क्रीट मॅथ आवश्यक. आणि एका ओळीत डावीकडे कोर्सचं नाव, उजवीकडे फक्त "नो कोर्स आर्टिक्युलेटेड", म्हणजे आमच्या कॉलेजात त्याला जोड देणारा कोर्सच नाही. खुणा झाल्या त्या जवळपास सगळ्या जनरल एज्युकेशनच्या पानावर होत्या. विषयाच्या पानांवर पेन्सिल फारशी फिरलीच नाही. युसी स्वतःच सांगते की अशा विषयांसाठी आधी विषयाची तयारी करा, जनरल एज्युकेशन मागून चालेल. ते वाक्य तिथेच होतं, पहिल्या दिवसापासून.

टॅगवरचा माझा भरवसाही तसाच. टॅग म्हणजे ट्रान्सफरची हमी. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ हे सहा कॅम्पस ती देतात. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो देत नाहीत. सप्टेंबरमध्ये अर्ज करायचा, तोही एकाच कॅम्पसला. हे सगळं मी मैत्रिणींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाचलं होतं. हमी प्रत्येक विषयाला नसते, हे मात्र कोणी लिहिलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. सांता बार्बराच्या इंजिनीअरिंग कॉलेजला ती लागू नाही आणि तिथलं कॉम्प्युटर सायन्स त्याच कॉलेजात येतं. मी जिच्या भरवशावर मुलाला जागा सोडायला लावली ती हमी त्याच्या विषयासाठी नव्हतीच.

मुलगा चिडला नाही. त्याने कौन्सेलरची वेळ घेतली, एकटाच गेला आणि तिसऱ्या वर्षाचा आराखडा घेऊन आला. कौन्सेलरने त्याला सरळ सांगितलं होतं: अर्ज यंदाही करता येईल, पण तपासणारे आधी गणित आणि प्रोग्रामिंग पाहतील. आम्ही एक वर्ष थांबायचं ठरवलं. खरं म्हणजे त्याने ठरवलं, आणि या वेळी मी मध्ये पडले नाही. 2024 च्या सप्टेंबरात तो एका युसी कॅम्पसवर तिसऱ्या वर्षाला गेला, कॉम्प्युटर सायन्सलाच.

तिथे गेल्यावर कळलेली एक गोष्ट फार कोणी सांगत नाही. पुढच्या उन्हाळ्याच्या इंटर्नशिपची भरती ऑगस्ट-सप्टेंबरातच सुरू होते. पहिल्यापासून तिथे असलेल्या मुलांकडे तोवर क्लब असतात, प्रोजेक्टवाले मित्र असतात, ओळखीचे प्रोफेसर असतात. ट्रान्सफरवाला मुलगा लायब्ररी कुठे आहे हे शोधत असतानाच रेझ्युमे पाठवत असतो, आणि सगळे कोर्स एकदम वरच्या पातळीचे. पहिला उन्हाळा त्याचा रिकामा गेला. त्याने तो अभ्यासात घालवला, पण मला वाईट वाटलं, कारण कॅल स्टेटमध्ये त्याला चार वर्षं सलग मिळाली असती.

नवऱ्याचं आणि माझं यावर अजून एकमत नाही. तो म्हणतो, रस्ता बरोबरच होता, आपण चाललो वेडेवाकडे. डिप्लोमाच्या तीन वर्षांनी त्याला जो पाया दिला तो थेट गेलेल्या मित्रांकडे नव्हता, यावर तो ठाम आहे. मला ते अर्धंच पटतं. हातात कॉम्प्युटर सायन्सची थेट जागा असेल आणि खर्च झेपत असेल तर ती मी आता कोणाला सोडू देणार नाही, कॉलेजचं नाव काहीही असो. हातात दुसराच विषय असेल आणि तो बदलायच्या आशेवर जायचं असेल, तर मी कम्युनिटी कॉलेज सांगेन. मात्र पहिल्या उन्हाळ्यात मुलाने इथेच असावं आणि पहिल्या सत्रात कॅल्क्युलसचा वर्ग त्याच्या नावावर असावा.

मुलगा या वादात पडत नाही. त्याला विचारलं तर तो कम्युनिटी कॉलेजातल्या कॅल्क्युलसच्या मॅडमबद्दल बोलतो. पस्तीस-चाळीस मुलांचा वर्ग होता. ऑफिस अवर्समध्ये त्या फळ्यावर एकच उदाहरण तीन वेगळ्या वाटांनी सोडवून दाखवत, आणि कोणाचं अडलं असेल तर वेळ संपली तरी थांबत. आता तो तीनशे मुलांच्या हॉलमध्ये बसतो. पुन्हा निवडायचं झालं तर त्या मॅडमचा वर्ग तो सोडणार नाही म्हणतो, कॅल स्टेटला गेला असता तरी उन्हाळ्यात येऊन केला असता म्हणतो. तसं करता येतं, हेही मला त्याच्याकडूनच कळलं.